मागच्या दिव्यांची हजेरी

लग्नाला चोवीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस वर्षं, म्हणजे गाडी आली तेव्हापासून, मी दर रविवारी सकाळी गाडीच्या मागे उभी राहते. ढकलायला नव्हे. ढकलायचेही प्रसंग आले, पण ते मी यात धरत नाही. मी उभी राहते ती दिवे बघायला. आमचे हे पुढे बसतात, काच खाली करतात, ब्रेक दाबतात आणि विचारतात, "लागला?" मी म्हणायचं, "लागला." पाय उचलला की, "गेला?" मी म्हणायचं, "गेला." मग डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, पार्किंगचे दोन, रिव्हर्सचा पांढरा आणि शेवटी नंबरप्लेटवरचा तो एवढासा. शाळेत घेतात तशी सगळ्यांची हजेरी होते, आणि मगच मला वर जाऊन चहा प्यायला मिळतो.

यांचं म्हणणं असं की, पुढचा दिवा गेला तर आपल्याला लगेच कळतं. मागचा गेला तर फक्त मागच्याला कळतं, आणि मागचा काही सांगायला येत नाही, तो थेट येऊन आदळतो. म्हणणं खोटं नाही. पण तेच एकोणीस वर्षं ऐकलं की खरं बोलणंसुद्धा डोक्यात जातं.

गाडी आता वयस्कर झाली आहे. सात वर्षांपूर्वी उजव्या मागच्या दिव्याच्या काचेला तडा गेला. नवी काच यायला महिना लागणार होता, म्हणून यांनी माझं लाल नेलपॉलिश घेऊन तो तडा रंगवून टाकला. महिना कधीच उलटला, काच काही आली नाही, आणि नेलपॉलिशची ती बाटली अजून गाडीच्याच कप्प्यात आहे. लेक म्हणते, आपल्या घरात आईपेक्षा गाडी जास्त नटते.

गाडी घरातल्या सगळ्यांची, पण चालवायची यांनीच. असा कुणी नियम केला नव्हता, मलाच शिकायची गरज वाटली नव्हती. मी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम करते. घासलेल्या काचा माझ्या टेबलावर येतात. एकेक काच यंत्राखाली धरायची, नंबर बरोबर आहे का बघायचं, आणि नेमक्या मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा. त्या ठिपक्यावरून पुढे काच फ्रेममध्ये बसते. ठिपका हुकला तर चष्मेवाला भर जिन्यात पायरी चुकतो. बावीस वर्षांत माझा ठिपका हुकलेला नाही, हे मी जरा मिरवूनच सांगते. कारखाना सातला सुरू होतो आणि आमच्याकडून पहिली बस साडेसातला निघते, त्यामुळे रोज सकाळी मला सोडून हे पुढे त्यांच्या फर्निचरच्या गोदामात जात. संध्याकाळी परत घेऊन येत. बरं चाललं होतं.

मग मालकांनी जाहीर केलं की, चार महिन्यांनंतरच्या पहिल्या तारखेपासून कारखाना शहराबाहेरच्या नव्या इमारतीत जाणार. बस तिथवर जातच नाही, चार किलोमीटर आधी तोंड फिरवते. यांचं गोदाम बरोबर उलट्या दिशेला. मालक म्हणाले, "ज्यांना जमणार नाही त्यांनी आत्ताच सांगा, म्हणजे दुसरी माणसं बघायला बरं." ते 'दुसरी माणसं' मला असं झोंबलं की घरी येऊन चपला काढायच्या आत मी सांगून टाकलं, "मी गाडी शिकणार. गाडी माझ्याकडे, बस तुमच्याकडे."

हे हातातला कप खाली ठेवून म्हणाले, "शीक."

एवढंच. मला वाटलं होतं निदान आठवडाभर वाद होईल, त्याची मनातल्या मनात तयारीही केली होती. ती सगळी वाया गेली.

शिकवलं यांनीच. शांतपणे शिकवलं, ओरडले नाहीत, फक्त मी गिअर चुकले की स्वतःचाच गुडघा घट्ट धरायचे. तरी मी परीक्षेत दोनदा आपटले. पहिल्या वेळी चढावर गाडी तीनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी रस्त्यात कागदी पिशवी उडत आली आणि मी तिच्यासाठी करकचून ब्रेक मारला. परीक्षक बाई, ज्यांना मी घरात पॅडवाल्या बाई म्हणते कारण त्या पॅड छातीशी धरूनच जन्माला आल्यासारख्या दिसतात, त्यांनी लिहिलं, "विनाकारण ब्रेक, नऊ वेळा." आता एकोणीस वर्षं ज्या बाईने ब्रेकचा दिवा लागतो का हेच बघितलं, तिचा पाय ब्रेककडे जाणार नाही तर कुठे जाणार? पण हे त्यांना कोण सांगणार.

तिसरी तारीख मिळाली शनिवारची, अकराची. कारखाना हलायला नऊ दिवस उरले होते आणि त्यानंतरची तारीख थेट दीड महिन्याने होती. म्हणजे या खेपेला नापास झाले तर माझं टेबल, माझं यंत्र आणि माझा ठिपका दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार होता. आदल्या दिवशी मी टेबलाचा खण आवरायला घेतला आणि पुन्हा बंद केला. माझ्याने बघवलं नाही.

शनिवारी सकाळी आठला आम्ही खाली उतरलो. परीक्षेच्या आधी गाडीचेही दिवे तपासतात, एक जरी बंद असला तरी परत पाठवतात. हे सवयीने पुढचं दार उघडायला लागले. मी म्हटलं, "आज मी पुढे. तुम्ही मागे."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं. पण गेले मागे.

मी ब्रेक दाबला. "लागला?"

उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं. मग आवाज आला, "डावा लागला."

"आणि उजवा?"

"उजवा... थांब जरा. तू उतर आणि बघ."

"मी उतरले तर ब्रेक कोण दाबणार?"

हा प्रश्न एकोणीस वर्षांत आमच्याकडे कधी पडलाच नव्हता. शेवटी हे पुढे आले, मी मागे गेले, आणि सगळं पुन्हा नेहमीसारखं झालं. उजवा बंद होता.

"बल्ब गेलाय," हे म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. कुठलीही वस्तू बिघडली की हा माणूस खुलतो. तीन जिने चढून हे अंड्यांचा ट्रे घेऊन आले. त्यात अंडी नसतात, बल्ब असतात. प्रत्येक खळग्यात एक, खाली कापूस. वरच्या दोन ओळींत दोन तारांचे, खालच्या दोन ओळींत एका तारेचे. मागच्या लाल दिव्यात दोन तारांचा बल्ब लागतो: एक तार मंद जळते ती पार्किंगची, दुसरी भगभगीत जळते ती ब्रेकची. इंडिकेटरला एका तारेचा पुरतो. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ, नीट बघितल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

यांनी डिकी उघडली, आतलं आवरण काढलं, जुना बल्ब दाबून फिरवून बाहेर घेतला. मग ट्रेच्या वरच्या ओळीतला पहिला उचलला. काचेला बोट लागू नये म्हणून माझा धुतलेला रुमाल गुंडाळून धरला. बल्ब काही केल्या बसेना. "होल्डर गंजलाय," असं म्हणून यांनी जरा जोर लावला. मग आणखी जरा. मग कुठेतरी कट्ट झालं आणि बल्ब बसला.

"दाब ब्रेक."

मी दाबला. समोरचा सगळा डॅशबोर्ड उजळला. काटे, आकडे, घड्याळ, सगळं. पाय उचलला की विझलं.

"मागे लागला?" मी विचारलं.

"मागे सगळंच लागलं," हे म्हणाले. "पार्किंगचे पण. नंबरप्लेटचा पण."

तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत लेक दात घासत उभी होती. तोंडात ब्रश ठेवूनच म्हणाली, "आई, गाडी छान दिसतेय. वाढदिवस आहे का तिचा?"

"तू आत जा," आम्ही दोघांनी एकदम सांगितलं.

पुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. यांनी फ्यूज काढले आणि परत लावले. एक वायर ओढून बघितली, ती बरोबर होती, आता नसावी. स्क्रू डिकीतल्या फटीत पडला, तो काढायला जाताना दुसरा पडला. मी म्हणत होते, बल्बच बघा पुन्हा, आणि हे म्हणत होते, बल्ब नवा आहे, बल्बाला काही होत नाही, दोष वायरिंगचा आहे. साडेनऊ वाजत आले. मग हे कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आज राहू दे. पुढची तारीख घेऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुढची तारीख दीड महिन्याने आहे," मी म्हटलं. "माझी नोकरी नऊ दिवसांनी जातेय. हे तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही मला सांगताय राहू दे?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. तुम्हाला मी चालवायला नकोच आहे. एकोणीस वर्षं कुणी तुमचा हात धरणार नाही असे दिवे दुरुस्त केलेत, आणि आजच नेमकं जमत नाही? आजच? मुद्दाम करताय तुम्ही."

हे फ्यूजचं झाकण लावत राहिले. भांडणात समोरचा गप्प बसला की मला आणखी चेव येतो. मी डिकीत हात घालून तो बल्ब सोडवला. तापलेला होता, तरी सोडला नाही. "हा कोणता बल्ब आहे?"

"दोन तारांचा. वरच्या ओळीतला."

"नंबर वाचा."

यांनी बल्ब हातात घेतला, डोळ्यांसमोर धरला, आणि ताडकन म्हणाले, "एकवीस, तिरकी रेघ, पाच."

मी त्यांच्या हातातून घेतला आणि बघितलं. पितळी बुडावर बारीक अक्षरात एकवीस लिहिलं होतं. रेघ नव्हती, पाच नव्हते. एका तारेचा बल्ब. इंडिकेटरचा.

आधी मला एवढंच कळलं की ट्रे फिरला होता. परवा मी ते फडताळ पुसलं आणि ट्रे परत ठेवताना उलटा ठेवला, खालची ओळ वर आली. चूक माझीच होती, पटकन कबूल करून मोकळी होणार होते. पण मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. बल्बावर लिहिलेलं होतं. दोन आकडे, स्वच्छ. मग यांनी रेघ आणि पाच कुठून वाचले?

"समोरच्या फाटकावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"फाटकासमोर गाडी लावू नये."

"ते मलाही पाठ आहे. खालच्या ओळीत काय आहे?"

हे फाटकाकडे बघत राहिले. फाटक रस्त्याच्या पलीकडे होतं, फार तर पंधरा पावलं. दोन महिन्यांपूर्वी समोरच्या घरवाल्यांनी तिथे मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, कुत्र्यापासून सावध.

"खाली ओळ आहे?" यांनी विचारलं.

मी डिकीच्या कडेवर बसले. मी दिवसाला चारशे काचा तपासते. कुठल्या तरी अनोळखी माणसाला पाव नंबरचा फरक पडू नये म्हणून मान मोडून बसते. आणि माझ्या शेजारी बसून रोज गाडी चालवणाऱ्या माणसाचे डोळे मी बघितले नव्हते. पेपर लेकीकडून वाचून घेतात तेव्हा मला वाटायचं, कौतुक आहे तिचं. गोदामात कुणाला संशय आला नसणार, तिथे कपाटं आणि पलंगच असतात, ते चष्म्याशिवाय दिसतात.

"किती दिवस झाले?"

"होतील दोन वर्षं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"एकदा. मोतीबिंदू म्हणाले. दोन्ही डोळ्यांत." हे रुमालाची घडी घालत होते, सोडत होते, पुन्हा घालत होते. "आधी एक डोळा, मग दुसरा. दोन-तीन महिने गाडीला हात लावायचा नाही म्हणाले. मग तुला सातला कोण सोडणार होतं?"

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस."

सोडली असती. दुसऱ्या दिवशी सोडली असती आणि जन्मभर त्यांना ऐकवलं असतं.

"मग तू म्हणालीस, गाडी शिकते," हे पुढे म्हणाले. "म्हटलं, सुटलो. आता दोन महिने काढले की झालं. मग तू नापास झालीस." रुमालाची घडी पुन्हा मोडून म्हणाले, "मग परत झालीस."

मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम, आणि दोन्हींचा राग आला. "आणि वाटेत कुणाच्या अंगावर घातली असतीत म्हणजे? कुणाचं पोर मध्ये आलं असतं तर?"

"चाळीसच्या वर नेली नाही कधी. अंधार पडायच्या आत घरी आणली. आणि लाल रंग दिसतो मला, पुढच्याचे ब्रेकचे दिवे दिसतात. आज मात्र उजवीकडचं तुझं नेलपॉलिश आहे की दिवा आहे, ते कळेना."

"नेलपॉलिश तुमचं आहे," मी म्हटलं. "माझं राहिलंय कुठे. आणि आता नीट ऐका. आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही. मी पास झाले तरी नाही आणि नापास झाले तरी नाही. नोकरी गेली तर गेली. सोमवारी डॉक्टर."

"आणि आज?"

"आज तो ट्रे इकडे द्या."

खालच्या ओळीतला एक बल्ब उचलला. नंबर वाचला: एकवीस, तिरकी रेघ, पाच. बुडावरच्या खुंट्यांवरून बोट फिरवलं. एक जरा वर, एक जरा खाली. एका तारेच्या बल्बाच्या खुंट्या समोरासमोर असतात, म्हणून तर तो बसायला तयार नव्हता आणि यांनी त्याला दमदाटी करून बसवला होता; त्याचं एकच टोक होल्डरमधल्या दोन्ही जोडांना टेकलं आणि ब्रेकची वीज पार्किंगच्या दिव्यांतही शिरली. होल्डरच्या आत हिरवट गंज चढला होता. पर्समधून नखं घासायची पट्टी काढली आणि गंज काढला. काचा घासणाऱ्यांत बावीस वर्षं काढल्यावर हाताला कळतं किती घासायचं आणि कुठे थांबायचं. बल्ब आत ठेवला, दाबला, एवढासा फिरवला. आवाजसुद्धा झाला नाही.

मी पुढे बसले. हे मागे जाऊन उभे राहिले, पण मी वर तोंड करून लेकीला हाक मारली. ती अजून तिथेच होती, ब्रश तेवढा गेला होता. म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

"लागला?" मी विचारलं.

"दोन्ही लागले," लेक म्हणाली. "बाबा, तुम्हाला दिसले का?"

"दिसले की," हे म्हणाले. "लालच लाल."

परीक्षेच्या मैदानापर्यंत मी गाडी नेली. शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्सवाला माणूस असावा लागतो. लायसन्स शेजारी होतं, डोळे माझे होते. वाटेत मी एक शब्द बोलले नाही. दोन वर्षांचं बोलणं साचलं होतं, ते सिग्नलवर थांबून बोलण्याइतकं थोडं नव्हतं. मनात मात्र सगळं मुद्देसूद मांडत होते. कुठून सुरू करायचं, मध्ये काय घ्यायचं, त्यांच्या आईचा विषय कुठे काढायचा, सगळं ठरलं.

मैदानात पॅडवाल्या बाईंनी मला बघून भुवई उचलली. "तिसरी खेप?"

"शेवटची," मी म्हटलं. ते मी कुठल्या अर्थाने म्हटलं हे मलाही माहीत नव्हतं.

त्यांच्या माणसाने मागे उभं राहून दिवे बघितले. ब्रेक, डावा, उजवा, पार्किंग, रिव्हर्स. सगळे हजर. बाई शेजारी येऊन बसल्या. यांना फाटकाबाहेरच्या बाकावर बसवलं. आरशात बघितलं तर हे मैदानाकडे तोंड करून, डोळे बारीक करून बसले होते. मैदानात तीन गाड्या फिरत होत्या. आपली कुठली हे त्यांना दिसत नसणार. तरी मान वळत होती, कुठल्या तरी एका गाडीमागे. ती आमची नव्हती.

ते बघून मला असा संताप आला की काही विचारू नका. त्यांचा, माझा, त्या डॉक्टरचा, मालकांचा, सगळ्या जगाचा. आणि माझं एक आहे. राग आला की माझा हात स्थिर होतो. कारखान्यात मालक पाठीमागे उभे राहून काहीबाही बोलले की त्या दिवशीचे ठिपके सगळ्यांत नेमके पडतात. चढ आला. क्लच, ब्रेक, हात, पाय, सगळं जिथल्या तिथे. गाडी हूं की चूं न करता वर गेली. मागे घेताना दोन खांबांच्या मधून अशी गेली की बाईंनी मान वळवून खात्री केली. एका वळणावर कबुतर बसलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. ब्रेक मी मारला नाही, उडालं तेच.

गाडी थांबवून मी हातांकडे बघत बसले. बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी नऊदा ब्रेक मारला होतात. आज दोनदाच. काय केलंत एवढ्यात?"

"नवऱ्याशी भांडले," मी म्हटलं.

त्यांनी पॅड पहिल्यांदाच छातीपासून दूर केलं आणि कागद माझ्या हातात दिला. "पास आहात. भांडण मिटवून टाका."

फाटकाबाहेर हे उभे राहिले. मी अगदी जवळ जाईपर्यंत त्यांना मी दिसले नसावे, कारण मी कागद हलवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"नक्की?"

"वाचून दाखवू का? तुमच्यासारखं पाठ म्हणत नाही मी."

यांनी मान हलवली. एक हात बाकाच्या पाठीवर ठेवला आणि तसेच जरा वेळ उभे राहिले. मग जाऊन शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले.

मी गाडी काढली आणि सुरुवात केली. "आता माझं सगळं ऐकून घ्यायचं. मध्ये बोलायचं नाही. पहिली गोष्ट म्हणजे, तुम्हाला मी कोण वाटते? चोवीस वर्षं झाली आपल्याला. दुखलं खुपलं सांगायला दुसरं कोण आहे तुम्हाला? दोन वर्षं तुम्ही स्टिअरिंग धरून, जीव मुठीत घेऊन मला कामावर सोडत होतात, आणि मी शेजारी बसून डुलक्या काढत होते. हे मी आता कुठे नेऊन ठेवू, ते सांगा मला. बोला ना."

हूं नाही, चूं नाही. पहिल्या सिग्नलपर्यंत मला वाटलं, ऐकतायत. दुसऱ्या सिग्नलला थांबले तेव्हा वळून बघितलं.

हे झोपले होते. मान खिडकीकडे कलली होती, तोंड उघडं होतं, आणि कपाळावरची ती मधली आठी, जी मला वाटायचं वयाने आली असेल, ती गेली होती. या गाडीत या माणसाला मी कधीच झोपलेलं बघितलं नव्हतं.

भांडण उद्यावर टाकलं. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला, मी त्याला हाताने गप्प राहायला सांगितलं आणि अंडी ठेवल्यासारखा पाय हळूच क्लचवरून उचलला. आमची गल्ली आली. गल्लीच्या तोंडाशी मोठा गतिरोधक आहे, त्यावर गाडी कितीही जपून घातली तरी आपटते. मी वळले नाही. रस्ता पुढे बराच लांब होता, सरळ होता, आणि मी तो धरून चालवत राहिले.